पंचमावरची भैरवी

ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याला चार-पाच कॉर्ड्सवर आयुष्य काढता येतं. ए मायनर, डी मायनर, जी, सी आणि ई सेव्हन. पट्टी बदलली की मानेवर केपो चढवायचा, ढोलकचा ठेका धरायचा आणि मुखड्यापासून मुखड्यापर्यंत हात हलता ठेवायचा. गणपती, नवरात्र, चौदा एप्रिल, लग्नसराई, मधूनच एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या वर्षभराच्या सुपाऱ्या एवढ्या भांडवलावर निघतात. समोर खुर्चीत बसलेल्याला ओळखीचं गाणं हवं असतं, दणदणीत आवाज हवा असतो. गिटारवाल्याने ई सेव्हनमध्ये आणखी कोणता सूर मिसळला, याची चौकशी कुणी करत नाही.

तरीही यवतमाळच्या एका गिटारवादकाने चाळिशी उलटल्यावर ‘ऑल्टर्ड डॉमिनंट’ नावाच्या, जॅझवाल्यांच्या खास कॉर्ड्स शिकायला घेतल्या. नाव छापून येण्याची त्यांना हौस नाही. गावात सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, तेच इथेही चालेल. सकाळ-संध्याकाळ क्लास, हंगामात कार्यक्रम, मधल्या वेळात कुणाच्या गिटारच्या तारा बदलून दे, कुणाची वाकलेली मान सरळ करून दे, असा त्यांचा संसार. लहानपणी पेटीवर गांधर्व महाविद्यालयाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंतच्या परीक्षा झालेल्या. पुढे कॉलेजात कोलकात्याच्या गिव्हसन कंपनीची गिटार हाती आली आणि पेटी माळ्यावर गेली. त्या पेटीशी पुढे गाठ पडणार आहे, म्हणून हा उल्लेख.

शिकायला घेण्याचं कारण फारसं उदात्त नव्हतं. कराओके आलं. जिथे सात-आठ वादकांचा ताफा लागायचा, तिथे एक लॅपटॉप, दोन माइक आणि हौशी गायकांचा क्लब पुरू लागला. ट्रॅकमध्ये गिटार आधीच वाजवलेली असते, आणि तीही मुंबईच्या स्टुडिओतल्या कसलेल्या हातांनी. त्यावर आणखी एक गिटार कशाला? मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि उरलेल्या सुपाऱ्याही गेल्या. विदर्भात नावाजलेला यवतमाळचा दुर्गोत्सव. त्याच्या मांडवांतून एरवी रोज कुठे ना कुठे कार्यक्रम असायचा. ती नवरात्रंही वादकांसाठी कोरडी गेली. सरांच्या हाती भरपूर वेळ आला. त्याच काळात नागपूरच्या एका कीबोर्डवाल्या मित्राने फोनवर त्यांचं वाजवणं ऐकून शेरा मारला: ‘तू ई सेव्हन वाजवून राहिला ना, ते बरोबर आहे. पण नुसतं बरोबर आहे बे.’

हा शेरा सरांना लागला. थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय तो वाचकालाही लागणार नाही.

सा धरून गाणं सुरू झालं की सगळे सूर साच्या ओढीने वागतात. ही ओढ सगळ्यात जास्त जाणवते ती पंचमावर उभ्या केलेल्या चार सुरांच्या कॉर्डमध्ये: पंचम, शुद्ध निषाद, शुद्ध रिषभ, मध्यम. हीच डॉमिनंट सेव्हन. सा जर पांढरी एक असेल, तर ही झाली जी सेव्हन; सा पांढरी सहा असेल, तर ई सेव्हन. तिच्यात खुद्द सा नसतो. निषादाला अर्धा सूर वर चढून सा गाठायचा असतो, मध्यमाला खाली उतरून गंधार. अंतरा संपतो, मुखडा परत यायचा असतो, त्याआधीच्या मात्रांवर गिटारवाला हीच कॉर्ड धरतो आणि मुखडा आला की सोडतो. हिंदी-मराठी सुगम संगीतात ही क्रिया एका कार्यक्रमात शंभरदा तरी होत असेल.

ऑल्टर्ड म्हणजे या कॉर्डचा कणा तसाच ठेवून तिचे इतर सूर हलवणं. कणा तीन सुरांचा: मूळ सूर, त्याचा तिसरा आणि सातवा. पाचवा सूर अर्ध्याने खाली किंवा वर न्यायचा, वरून नववा सूर घालायचा, तोही अर्ध्याने खाली किंवा वर. इंग्रजी भाषेतल्या पुस्तकांत त्यांची नावं फ्लॅट फाइव्ह, शार्प फाइव्ह, फ्लॅट नाइन, शार्प नाइन. यातला एक घ्या, दोन घ्या, जमलं तर चारही घ्या. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या मंडळींनी बीबॉप नावाचं जे वेगवान जॅझ उभं केलं, त्यात या हललेल्या सुरांना मानाचं पान मिळालं. रॉकवाल्यांनी त्यातली एक कॉर्ड उचलली. जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मधली ई सेव्हन शार्प नाइन इतकी गाजली, की जगभरचे गिटारवाले तिला हेंड्रिक्सचीच कॉर्ड म्हणतात.

सरांनी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच, बोटांच्या आकृत्यांपासून. मिकी बेकरचं १९५५ चं जॅझ गिटारचं पुस्तक भारतातल्या गिटारवाल्यांत झेरॉक्स होत होत फिरत आलेलं आहे. त्यात आधी कॉर्डच्या आकृत्या पाठ करायच्या, मग त्यांच्या साखळ्या वाजवायच्या. टेड ग्रीनचं ‘कॉर्ड केमिस्ट्री’ हे १९७१ चं पुस्तक म्हणजे तर आकृत्यांचं जंगलच. त्यात शिरलेला माणूस आठवडाभर जेवायलाही बाहेर येत नाही. सरांच्या बोटांनी आकृत्या पटापट धरल्या. वीस वर्षं बार कॉर्ड वाजवलेला हात तो. पण कान राजी होईना. सुटी कॉर्ड वाजवली की कुणीतरी बशी फोडल्यासारखा आवाज, आणि गाण्यात घातली की गाणं थबकून मागे वळून बघतंय असं वाटायचं. पुस्तकात ‘इथे वाजवा’ असं लिहिलेलं असतं. ‘का’ हे शिकणाऱ्याने शोधायचं.

हे ‘का’ महाराष्ट्राजवळच, गोव्यातून आलेल्या वादकांनी, फार पूर्वी सोडवलेलं आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक आला, आणि कागद वाचू शकणाऱ्या गोवेकर पोरांनी त्यांच्या शेजारी बसून जॅझ उचललं. स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतलं काम आटत गेलं, तसे हेच वादक सिनेमाच्या स्टुडिओंत शिरले. रात्री ट्रम्पेट, दिवसा रेकॉर्डिंग.

हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांच्या जोडीला होते. १९५१ चा ‘अलबेला’ ऐकताना आजही पाय स्वस्थ बसत नाहीत, ते या जोडीमुळे. (पडद्यावर नाचणारे मास्टर भगवान जन्माने अमरावतीचे, हे आमच्या वऱ्हाडकरांनी विसरू नये.) फाळणीआधी लाहोरात बँड चालवणारे सेबास्टियन डिसोझा मुंबईत येऊन शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. गाण्याची चाल रागातली, तिच्याखालची कॉर्ड्सची चाल पश्चिमेकडची, आणि दोन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत, ही करामत त्यांची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस एक पाऊल पुढे गेले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे हे गुरू, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात ज्यांचं नाव शिष्याने अजरामर केलं ते. त्यांनी १९५८ च्या सुमारास स्वतःचा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य हार्मनीत बांधल्या. सरांना ही माहिती गाण्यांच्या आवडीतून तुकड्यातुकड्याने मिळत गेली होती. आता ती कामाला आली. या माणसांनी कॉर्ड आधी आणि गाणं नंतर असं कधी केलं नव्हतं. आधी चाल यायची, चालीतले सूर यायचे, आणि मग त्या सुरांखाली काय उभं राहील ते ठरायचं.

एका दुपारी सरांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. भाता थोडा फुसका झाला होता, दोन पट्ट्या चिकटत होत्या, पण काम भागलं. पुस्तकातले सगळे आकडे मूळ सुरापासून मोजलेले असतात: जीपासून नववा, जीपासून पाचवा. सरांनी ते बाजूला ठेवून गाण्याच्या सापासून मोजायला घेतलं. सा पांढरी एक, म्हणजे सी. जी सेव्हन ऑल्टर्डचे सूर एकेक करून लिहिले. फ्लॅट नाइन झाला कोमल धैवत. शार्प नाइन झाला कोमल निषाद. फ्लॅट फाइव्ह झाला कोमल रिषभ आणि शार्प फाइव्ह झाला कोमल गंधार.

कोमल रे, कोमल ग, कोमल ध, कोमल नि. ही तर भैरवी!

संगीत शिकलेल्या कुठल्याही मराठी पोराला हे चार कोमल सूर झोपेतही सांगता येतात. मैफल संपताना, कीर्तनाच्या शेवटी, नाटकाच्या अखेरच्या पदात आपण ते ऐकत आलो आहोत. ‘जी’वरून बघितलं तर फुटक्या बशीसारखी वाटणारी कॉर्ड ‘सा’वरून बघितल्यावर ओळखीची निघाली: खाली पंचम, त्यावर मध्यम आणि शुद्ध निषाद, आणि त्यांच्या अंगावर भैरवीचे चार कोमल. परका म्हणायचा तर एक शुद्ध निषादच. तो आहे म्हणून ही डॉमिनंट कॉर्ड आहे, आणि सा नाही म्हणून तिला साची ओढ आहे. भैरवी हा राग आहे, ही कॉर्ड म्हणजे राग नव्हे, हे सर पहिल्यांदा सांगतात. रागाला चलन असतं, न्यास असतो. गायक कोमल रिषभ कुठे किती उतरवेल हे गिटारच्या ठोकलेल्या फ्रेटला कधी कळणार नाही. पण कानाला रस्ता सापडायला एवढी ओळख पुरली.

या हिशेबाने आणखी एक गोष्ट उलगडली. कीरवाणीच्या सुरांतली गाणी आपल्या सिनेसंगीतात पुष्कळ आहेत. ‘दिल एक मंदिर’ (१९६३) मधलं ‘याद न जाए’ त्यातलंच, शंकर-जयकिशन यांचं. या गाण्यांत कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद असतात. तिथे पंचमावर कॉर्ड उभी केली आणि वर धैवत ठेवला, तर फ्लॅट नाइन आपोआप तयार होतो. म्हणजे ज्या कॉर्डला जॅझची म्हणून लोक बिचकतात, तिची पहिली पायरी मायनर गाण्यांच्या घरातलीच आहे. शार्प फाइव्ह म्हणजे कोमल गंधार, तोही घरचा. कोमल निषाद हा शेजारचा. खरा पाहुणा एकटा कोमल रिषभ, आणि तोही अर्धा सूर खाली उतरला की साच्या मांडीवर बसतो. शिकण्याचा क्रम सरांनी यावरून ठरवला: आधी धैवत, मग गंधार, मग निषाद, सगळ्यात शेवटी रिषभ. सरांकडच्या पुस्तकांत हा क्रम नाही. मेजर गाण्यांत मात्र हे चारही पाहुणेच असतात, म्हणून तिथे हात आखडता.

आता बोटांकडे येऊ. सा पांढरी एक, गाणं मायनर. पाचव्या तारेवर दहावा फ्रेट, चौथीवर नववा, तिसरीवर दहावा, दुसरीवर अकरावा. ही जी सेव्हन शार्प नाइन, हेंड्रिक्सचीच आकृती तीन फ्रेट वर सरकवलेली. मधलं बोट पंचमावर, तर्जनी निषादावर, अनामिका मध्यमावर, करंगळी दुसऱ्या तारेवर कोमल निषादावर. आता खालची तीन बोटं न हलवता दुसऱ्या तारेवरची करंगळी उचलायची आणि तर्जनी आडवी करून तीच तार नवव्या फ्रेटवर दाबायची: कोमल धैवत, कॉर्ड झाली फ्लॅट नाइन. पुढच्या मात्रेला आठव्या फ्रेटवर बार टाकून सी मायनर धरली, की दुसऱ्या तारेवर पंचम येतो. अकरा, नऊ, आठ. नि कोमल, ध कोमल, प. एका तारेवर भैरवीचा अवरोह उतरला. त्याच वेळी चौथ्या तारेवर निषाद नऊवरून दहावर चढून सा झालेला असतो, आणि पाचव्या तारेवरचा पंचम आपल्या जागी ठाम. वरचा सूर खाली उतरतो, आतला वर चढतो, तळाचा थांबतो. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही; मुखडा फार छान आला एवढं कळतं.

दुसरी आकृती याहून सोपी आणि सरांच्या जास्त लाडकी. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, पाचवी तार मुकी, चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा, दुसरीवर चौथा. जी सेव्हन शार्प फाइव्ह. इथून तिसऱ्या फ्रेटवरच्या सी मायनरवर जाताना दुसऱ्या तारेवर चौथाच फ्रेट राहतो, कारण कोमल गंधार दोन्ही कॉर्ड्सचा सूर आहे. तिसऱ्या तारेवरचा निषाद चारवरून पाचवर चढतो. एक सूर धरून ठेवायचा आणि त्याच्याखालचं सगळं बदलायचं, ही अरेंजर लोकांची जुनी युक्ती इथे चार तारांत सापडते.

हात बसला, कान बसला, आता माणसं बसवायची होती. टाळेबंदी उठून कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्यावर एका तालमीत सरांनी मुखड्याआधीच्या दोन मात्रांवर चारही कोमल सुरांची भरगच्च कॉर्ड वाजवली. गायिका शाळेत शिक्षिका, आवाज पक्का, पट्टी काळी चार. तिने गाणं थांबवलं. ‘भाऊ, मी तिथं शुद्ध रे लावते ना. तुम्ही काहून बिघडवून राहिले?’ ढोलकवाल्याने पडत्या फळाची आज्ञा समजून चहा मागवला.

तिचं बरोबर होतं. डॉमिनंट कॉर्डचा पाचवा सूर म्हणजे साचा शुद्ध रिषभ, आणि अंतऱ्याच्या शेवटी चाल त्याच सुरावर रेंगाळणं अगदी साहजिक. गळ्यात शुद्ध रिषभ आणि गिटारवर त्याच्या दोन्ही बाजूंना कोमल रिषभ व कोमल गंधार, म्हणजे तीन पट्ट्या एकदम दाबल्यासारखं. तेव्हापासून सरांच्या गाण्यांच्या वहीत कॉर्डच्या वर एक बारीक अक्षर दिसतं: त्या क्षणी गळ्यात कोणता सूर आहे. गळ्यात शुद्ध रिषभ असेल तर फक्त कोमल धैवत घालायचा, फ्लॅट नाइनपर्यंतच जायचं. गळ्यात शुद्ध धैवत असेल तर काहीच घालायचं नाही, साधी सेव्हन वाजवायची. गळ्यात पंचम, मध्यम किंवा शुद्ध निषाद असेल तर बरीच मोकळीक. आणि गायिका श्वास घ्यायला थांबली असेल, तर त्या एका मात्रेत हवी ती भैरवी वाजवा. आमच्या मते ऑल्टर्ड कॉर्डविषयी गाण्याच्या साथीदाराला लागणारं सगळं शास्त्र या चार ओळींत येतं. जाड पुस्तकांत ते शोधून सापडत नाही, कारण ती पुस्तकं वाद्यावरच वाजणाऱ्या संगीतासाठी लिहिलेली आहेत. शेजारी उभी राहून गाणारी बाई त्यांत नाही.

पुढची बोलणी ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याशी. त्याने डाव्या हाताने साधी जी सेव्हन भरून ठेवली, की तिच्यातला शुद्ध रिषभ पुन्हा आडवा येतो. तोड अशी निघाली, की त्या दोन मात्रांत त्याने फक्त मध्यम आणि निषाद धरायचे, बाकीचं रंगकाम गिटारचं. बेसवाल्याला मात्र हा खेळ भलताच आवडला. त्याने पंचमाऐवजी कोमल रिषभ वाजवून पाहिला आणि तिथून साला उतरला. जॅझवाले याला ट्रायटोन सबस्टिट्यूशन म्हणतात. जी सेव्हन आणि डी फ्लॅट सेव्हन या दोन कॉर्ड्समध्ये मध्यम आणि निषाद हे दोन कळीचे सूर सामाईक असतात, म्हणून बेस बदलला तरी ओढ तीच राहते. बेसवाल्याला यातलं एक अक्षर सांगावं लागलं नाही. ‘रे वरून सा वर आलो जी, भैरवीत येतात तसा,’ एवढंच तो म्हणाला.

सोलो वाजवायची वेळ क्वचित येते, पण तिथेही पेटीच धावून आली. ऑल्टर्ड कॉर्डवर कोणते सूर फिरवायचे याचं पुस्तकी उत्तर असं: मूळ सुराच्या अर्धा सूर वरून मेलडिक मायनरचा आरोह घ्या. म्हणजे जी सेव्हनवर ए फ्लॅटपासून. या मायनरमध्ये गंधार तेवढा कोमल, बाकी सगळे शुद्ध. हे पटदीपचे सूर. दीनानाथ मंगेशकरांमुळे घराघरांत पोचलेलं ‘मर्मबंधातली ठेव ही’ ज्या रागात आहे, तो पटदीप. ए फ्लॅटला क्षणभर सा मानून पटदीपचे सूर छेडले, की ते सातही सूर जी सेव्हन ऑल्टर्डचे निघतात. गंमत अशी, की पटदीपात ज्या शुद्ध निषादावर गाणारा थांबून थांबून जीव ओततो, तो निषाद इथे नेमका जी, कॉर्डचा मूळ सूर. अर्थात एका-दोन मात्रांत राग उभा राहत नाही. तेवढ्यात एक हरकत होते आणि लगेच घरी परतायचं असतं. सरांचे विद्यार्थी पटदीपचा अलंकार आधी पेटीबरोबर गातात, मग एका फ्रेटने सरकवून गिटारवर बसवतात. मेलडिक मायनर हे नाव त्यांना बऱ्याच उशिरा कळतं.

प्रत्यक्ष स्टेजवर मात्र शास्त्रापुढे इतर गोष्टी उभ्या असतात. यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. संध्याकाळी मांडवात हॅलोजनखाली तारा गरम होऊन सैल पडतात आणि सूर उतरतो. जानेवारीत उघड्या मैदानावर उलटं, तार ताणते आणि सूर चढतो. साधी मेजर कॉर्ड एवढी तफावत पचवते. अर्ध्या-अर्ध्या सुरांवर उभी असलेली ऑल्टर्ड कॉर्ड पचवत नाही, ती सरळ बेसूर लागते. म्हणून दर दोन गाण्यांमागे ट्यूनर. भोंगे लावलेल्या साऊंडवर खालच्या तारांचा चिखल होतो, त्यामुळे सहावी-पाचवी तार बेसवाल्याला देऊन टाकायची आणि वरच्या तीन-चार तारांवर काम भागवायचं. साऊंडवाल्याला ‘मिड थोडा वाढव’ म्हटलं तर तो व्हॉल्यूम वाढवतो, हेही गृहीत धरायचं.

आणि काही ठिकाणी ही विद्या पेटीत बंद ठेवायची. चौदा एप्रिलला भीमगीतांचे कार्यक्रम असतात. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली ही गाणी शब्दांसाठी आहेत. हजारो माणसं ओळीला ओळ लावून म्हणत असतात, टाळी कव्वालीच्या अंगाने पडत असते, आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट जायला हवा असतो. तिथे दोन कॉर्ड्स आणि घट्ट ठेका, याहून जास्त काही वाजवणं म्हणजे स्वतःची शेखी मिरवणं. सर तिथे फ्लॅट नाइनलाही हात लावत नाहीत. शिकलेलं न वाजवणं त्यांना कठीण जात नाही, कारण वीस वर्षं ते हेच वाजवत आले आहेत आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटलेला नाही.

सुपाऱ्या पूर्वीइतक्या परत आलेल्या नाहीत. कराओके हटलेलं नाही, हटणारही नाही. बिदागीत या कॉर्ड्समुळे एका रुपयाची वाढ झालेली नाही, हे सर स्वतःच हसत सांगतात. फरक पडला तो क्लासात. गिटार शिकायला येणाऱ्या मुलाला आता पहिले काही महिने पेटीसमोर बसावं लागतं. पालक कुरकुरतात, मुलाला गिटार शिकायला पाठवलं, हे पेटी कायले वाजवून राहिलं, असा प्रश्न येतो. सर ऐकून घेतात आणि पुढच्या मुलाला कोमल रिषभ लावायला सांगतात.

घरी कीबोर्ड असेल, किंवा पेटी आणि तिचा भाता हलवायला दुसरं कुणी असेल, तर वाचकांनी हे स्वतः करून पाहावं. पांढरी एक सा धरा. डाव्या हाताने खालचा पंचम दाबून ठेवा. उजव्या हाताने मध्यम, त्याच्या वरचा शुद्ध निषाद आणि त्याच्याही वर, पुढच्या सप्तकातला कोमल गंधार, असे तीन सूर एकदम दाबा. हीच ती जी सेव्हन शार्प फाइव्ह. थोडा वेळ तशीच वाजू द्या. मग कोमल गंधार धरून ठेवा, मध्यमावरचं बोट पंचमावर आणि निषादावरचं सावर न्या, आणि डावा हात खालच्या पंचमावरून खालच्या सावर उतरवा. हे जमलं की निषादाशेजारी कोमल रिषभही दाबून पाहा.